शीट चार, कॉलम सहा

इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराला आतून एक प्लॅस्टिकचा खिसा असतो. त्यात त्या पॅनेलचं ड्रॉइंग ठेवायचं. पॅनेल विकत घेणारा दार उघडून कॉन्टॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारे मोठे स्विच) कुठल्या कंपनीचे ते बघतो, बसबार, म्हणजे आतली वीज वाटणारी पट्टी, तांब्याची की अॅल्युमिनियमची ते विचारतो, पण त्या खिशात कुणी हात घालत नाही. त्या कागदाची आठवण होते ती पॅनेल बसून काही वर्षं उलटल्यावर. वायरिंग करणारा तोवर दुसरीकडं लागलेला असतो, पंप बंद असतो, आणि टॉर्च घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसानं ते पॅनेल आयुष्यात पहिल्यांदाच उघडलेलं असतं.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम करते. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, बरीच वर्षं वायरिंग केलं, आणि आता तिथली ड्रॉइंगही मीच करते. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला मला कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. काम करता करता, कामासाठीच शिकले. त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण त्या शिकण्यात मला माझंच जुनं काम नव्यानं कळलं.

आमच्या भागात पॅनेलच्या कामाला तोटा नाही. कृष्णा, वारणा, येरळा यांच्या काठानं उपशाचे पंप आहेत. म्हैसाळ आणि ताकारीसारख्या योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. किर्लोस्करवाडीला १९१० साली लोखंडी नांगरांसाठी उभा राहिलेला कारखाना पुढं पंपांसाठी ओळखला जाऊ लागला, तोही याच जिल्ह्यात. शिवाय साखर कारखाने, हळदीला पॉलिश करणारे ड्रम, हळद आणि बेदाणा ठेवायची कोल्ड स्टोरेज. जिथं मोटर तिथं स्टार्टर लागतो, आणि चार मोटरी एकत्र आल्या की पॅनेल लागतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेल्या पुरानं २००५ च्या पुरालाही मागं टाकलं. सांगलीत पाणी मोजायचं ते आयर्विन पुलापाशी. १९२९ सालच्या त्या पुलाशी ४० फूट झालं की इशारा आणि ४५ फूट झालं की धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी धोक्याची पातळी कधीच मागं पडली. नदीकाठची पंपहाऊस, जॅकवेल (उपशाच्या विहिरी), गावांच्या पाणीयोजना, सगळ्यांची पॅनेलं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर ती टेम्पोतून आमच्याकडं यायला लागली. दार उघडलं की कॉन्टॅक्टरच्या फटींत, टर्मिनलच्या स्क्रूंवर, वायरिंगच्या डक्टमध्ये बारीक तपकिरी गाळ. आणि दाराच्या खिशात कागदाचा लगदा.

स्विचगिअर नवं घालता येतं. पत्र्याचा डबा धुऊन, वाळवून, रंग मारून पुन्हा वापरता येतो. पण हा टायमर कशासाठी होता, पाण्याची पातळी ओळखणाऱ्या फ्लोट स्विचची वायर कुठल्या रिलेवर (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचवर) जायची, दोन पंपांपैकी आधी कुठला लागायचा, टाकी भरल्यावर दोन्ही एकदम बंद व्हायचे की एकामागून एक, हे सांगणारं काही शिल्लक नव्हतं. गावं पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडं डोळे लावून बसलेली. अशा वेळी एकच मार्ग उरतो. मल्टिमीटर बझरवर ठेवायचा, एक पिन एका टर्मिनलला लावायची आणि दुसरी पिन घेऊन बाकीची सगळी टर्मिनलं चाचपत जायचं; दोन्हींत जोड असेल तिथं बझर वाजतो.

हे काम मी आणि अण्णा करायचो. अण्णा आमच्याकडचे सगळ्यात जुने वायरमन. आधी ते एका साखर कारखान्यात होते, तिथून निवृत्त होऊन इकडं आले. बझर वाजला की ते आकडा सांगायचे, मी चौकटीच्या वहीत रेघ ओढायचे. दिवसभरात एखादं पॅनेल वहीवर उतरायचं. संध्याकाळी आम्ही ती पानं समोर धरून बसायचो, आणि रेघांमधून हळूहळू कुणातरी अनोळखी वायरमनचा विचार दिसायला लागायचा. त्यानं हा रिले इथं का घातला असेल? हां, पाणी कमी झालं तर पंप कोरडा फिरू नये म्हणून. बरोबर होतं त्याचं. मला तो माणूस कधी भेटला नाही, पण त्याच्याशी बोलणं चाललंय असं वाटायचं.

वहीतली ही पानं नीट काढून घ्यायला बाहेर पाठवायची पद्धत होती. घरांचे नकाशे करणाऱ्या एका ड्राफ्ट्समनकडं ती जायची. त्याच्या रेघा सुरेख, अक्षर एकसारखं, कडेला नाव-तारखेची चौकट. एका शीटवर मात्र त्यानं ओव्हरलोड रिलेचे ९५-९६ नंबरचे टर्मिनल काढायच्या जागी ९७-९८ काढले. ज्याला रिले माहीत आहे त्याला यातला फरक सांगावा लागत नाही. ९५-९६ हा नेहमी जुळलेला संपर्क. मोटरवर जादा भार आला की तो उघडतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो. ९७-९८ त्याच्या उलट. तो एरवी उघडा असतो आणि ट्रिप झालं की दिवा लावायला उपयोगी पडतो. आमच्या नव्या पोरानं शीट बघून अगदी तसंच वायरिंग केलं. टेस्टिंगला बटण दाबलं तर कॉन्टॅक्टर ओढेना. अण्णांनी शीटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘पोराची चूक न्हाई. त्यानं कागदावर इस्वास ठेवला.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या ड्राफ्ट्समनचाही दोष म्हणवत नाही, त्यानं कधी कॉन्टॅक्टर हातात धरलेला नव्हता. ज्याला माउस येत होता त्याला पॅनेल येत नव्हतं, आणि ज्यांना पॅनेल येत होतं त्या आमच्यापैकी कुणी माउसला हात लावत नव्हतं. मी मालकांना म्हणाले, ऑफिसातला कॉम्प्युटर संध्याकाळी रिकामा असतो, मी शिकते. ते म्हणाले, ‘शिका ताई.’ पुढं त्यांनी ऑटोकॅडचं रीतसर लायसन्स घेतलं. लहान वर्कशॉपला तो खर्च सोपा नव्हता.

सुरुवात मी व्हिडिओ बघून केली. त्यातले बहुतेक दोनच गोष्टी शिकवतात, घराचा प्लॅन किंवा लोखंडी ब्रॅकेट. विश्रामबागेकडं क्लासही होते. चौकशी केली तर अभ्यासक्रम तोच. भिंत नऊ इंची, दार तीन फुटी, भोक अमुक मिलिमीटर. सगळा भर मापावर. मीही आधी त्याच वाटेनं गेले. रेघेसाठी एल, कापायला टीआर, सरकवायला एम, प्रतीसाठी सीओ, आरशातल्या आकृतीसाठी एमआय. कमांडची ही आद्याक्षरं बोटांना लवकर बसतात, त्यात फारसं काही नाही. अडले ते पुढं. कारण मला जे काढायचं होतं त्याला माप नव्हतंच.

सर्किटच्या ड्रॉइंगमध्ये वायरची लांबी दाखवत नाहीत. शीटवर दोन बोटांच्या अंतरावर असलेली दोन चिन्हं खरोखर एकाच कॉन्टॅक्टरमध्ये असू शकतात, किंवा एक पॅनेलमध्ये आणि दुसरं दोनशे मीटरवर विहिरीच्या कठड्याला. एकाच कॉन्टॅक्टरची कॉइल (वीज मिळाली की त्याला ओढणारं वेटोळं) एका शीटवर, पॉवरचे संपर्क दुसऱ्या शीटवर आणि इंटरलॉकचा, म्हणजे दोन कॉन्टॅक्टर एकदम लागू न देणारा संपर्क तिसऱ्याच. वस्तू जशी दिसते तशी काढायची नसते. वीज ज्या क्रमानं जाते तो क्रम काढायचा असतो. हे समजल्यावर मला मोकळं वाटलं. घराच्या प्लॅनचे व्हिडिओ मी बंद केले.

माप नसलं तरी शिस्त लागते, आणि ती घराच्या प्लॅनपेक्षा कडक. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची चिन्हं एका ठरावीक घरावर बसवलेली असतात. आम्ही ते घर २.५ मिलिमीटरचं धरतो. कीबोर्डवरचं एफ ९ दाबलं की कर्सर त्या ठिपक्यांवरूनच उड्या मारत जातो, मधे कुठं थांबत नाही. लहानपणी मी दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढायचे. ठिपका चुकला की पुढची सगळी ओळ तिरकी जाते हे हाताला माहीत होतं, म्हणून इथं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. चिन्हाचं टोक ठिपक्यावर, वायरचं टोक ठिपक्यावर. असं असेल तरच एक चिन्ह उचलून दुसरीकडं ठेवल्यावर वायर आपोआप जुळते. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजानं जोडलेली रेघ पडद्यावर जुळलेली दिसते, पण मोठं करून बघितलं की मधे फट असते.

मग चिन्हांचा साठा करायला घेतला. कॉइल, उघडा संपर्क, मिटलेला संपर्क, ओव्हरलोड, टायमर, एमसीबी, सीटी, पुश बटण, लॅम्प. एकेक चिन्ह एकदाच काढायचं आणि त्याचा ब्लॉक करून ठेवायचा. मग पाहिजे तितक्या वेळा आणून बसवायचं. यामागची कल्पना ऑटोकॅडहून बरीच जुनी आहे. ऑटोकॅड बाजारात आलं १९८२ च्या अखेरीस. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं, १९६३ साली, अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं डॉक्टरेटसाठी स्केचपॅड नावाची रचना केली होती. पडद्यावर लाइट पेननं रेघ ओढायची. त्यात मूळ आकृती एकदा काढून तिच्या प्रती हव्या तिथं ठेवता येत, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलत. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये मी कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा ब्लॉक दुरुस्त करते आणि सगळ्या शीटवरच्या कॉइली एकदम दुरुस्त होतात, तेव्हा मला त्या विद्यार्थ्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

ब्लॉकच्या बाबतीत एक गोष्ट कुठल्याही नवशिक्याला मी आधी सांगेन. चिन्ह शून्य नावाच्या लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर) काढावं. तसं केलं तर ते ज्या लेयरवर आणून ठेवाल त्याचा रंग आणि जाडी घेतं. पॉवरच्या लेयरवर जाड, कंट्रोलच्या लेयरवर बारीक. आणि छापताना मोनोक्रोम निवडावं. पडद्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर आर, वाय, बी अशा तीन फेजच्या लाल, पिवळ्या, निळ्या रेघा झळकतात, पण पांढऱ्या कागदावर पिवळी रेघ दिसेनाशी होते, आणि साइटवरच्या माणसाला दोनच फेज दिसतात.

माझं खरं शिक्षण स्टार-डेल्टा स्टार्टरवर झालं. स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरचं वाइंडिंग जोडायच्या दोन रीती. हा स्टार्टर मी इतक्या वेळा वायर केला होता की हात आपोआप चालायचे. मेन, स्टार आणि डेल्टा हे तीन कॉन्टॅक्टर, एक टायमर, एक ओव्हरलोड. पण हाताला जे येतं ते कागदावर उतरवायला बसलं की प्रत्येक वायर स्वतःचं कारण विचारते. सुरुवातीला मोटरचं वाइंडिंग स्टारमध्ये जोडायचं, म्हणजे प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट मिळतात. त्यामुळं लाइनमधून ओढला जाणारा सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो. मोटरची सुरुवातीची ताकदही एक तृतीयांशावर येते, पण नदीवरच्या सेंट्रिफ्युगल पंपाला ती पुरते, कारण तो फिरायला लागताना हलका असतो आणि वेग वाढेल तसा जड होत जातो. वेग आला की टायमर स्टार सोडतो आणि डेल्टा लागतो. हे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागले तर तिन्ही फेज एकमेकांना भिडतात. म्हणून स्टारचा मिटलेला संपर्क डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत आणि डेल्टाचा मिटलेला संपर्क स्टारच्या कॉइलच्या वाटेत घालतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी शीटवर ते दोन संपर्क शेजारशेजारच्या कॉलममध्ये, एकमेकांच्या कॉइलच्या वर बसले तेव्हा मी बराच वेळ बघत राहिले. वायरिंग करताना त्या दोन वायरी डक्टमधून कुठून कुठं जायच्या एवढंच दिसायचं. इथं त्यांचं नातं दिसत होतं.

ओव्हरलोडचंही तसंच. ४० अँपिअर घेणारी मोटर असेल तर ओव्हरलोड कितीवर सेट करायचा? साइटवरचा इलेक्ट्रिशियन मोटरच्या प्लेटवर ४० वाचतो आणि ४० वर फिरवतो. पण स्टार-डेल्टामध्ये ओव्हरलोड बहुतेक वेळा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या वाटेत असतो. तिथून जाणारा करंट लाइनच्या ०.५८ पट, म्हणजे साधारण २३ अँपिअर. ४० वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत तो ट्रिप होणार नाही. ओव्हरलोड कुठल्या वाटेत आहे ते पॅनेलकडं वरवर बघून चटकन कळत नाही, शीटवर एका नजरेत कळतं. तेव्हापासून मी प्रत्येक स्टार-डेल्टाच्या शीटवर ओव्हरलोडच्या बाजूला सेटिंगचा आकडा लिहिते. शेतकऱ्यासाठी एका मोटरचं रिवाइंडिंग म्हणजे हजारोंचा खर्च, आणि ऐन पाळीत पाणी चुकलं तर पिकाचं नुकसान वेगळं.

सर्किट काढायचा आणखी एक नियम मला फार आवडतो. सगळी चिन्हं वीज नसताना काढायची. बटण कुणी दाबलेलं नाही, कॉइलमध्ये करंट नाही, टायमर सुटलेला आहे, असं धरून. शीटवर मिटलेला दिसणारा संपर्क चालू पॅनेलमध्ये उघडा असू शकतो. वाचणाऱ्यानं एकेक पाऊल टाकत मनातल्या मनात मशीन चालू करायचं. मला वाटतं ड्रॉइंग वाचणं म्हणजे हेच, आणि ते आमच्या पोरांना शिकवलं पाहिजे. आयटीआयमध्ये चिन्हं पाठ करून घेतात. मशीन मनात चालवायला मात्र पॅनेलपाशी उभं राहूनच शिकावं लागतं.

साध्या ऑटोकॅडमध्ये वायर नंबर आपोआप पडत नाहीत. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल किंवा ईप्लॅनमध्ये पडतात. कॉइल काढली की तिचे संपर्क कुठल्या शीटवर आहेत तेही ती सॉफ्टवेअर स्वतः लिहितात. त्यांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेरच्या. क्यूइलेक्ट्रोटेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर मी घरच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. चांगलं आहे, आणि ज्यांना काहीच विकत घेता येत नाही त्यांनी त्यानंच सुरुवात करावी. माझा साठा तोवर ऑटोकॅडमध्ये झाला होता, म्हणून मी तिथंच राहिले. नंबर टाकायला एक्सप्रेस टूल्समधली टीकाउंट कमांड सापडली. ओळीनं अक्षरं निवडली की ती चढते आकडे घालते. चिन्हांना अॅट्रिब्यूट जोडून ठेवले, म्हणजे प्रत्येक कॉन्टॅक्टरच्या ब्लॉकमध्येच त्याचं नाव, रेटिंग, कॉइलचा व्होल्टेज. डेटा एक्स्ट्रॅक्शन वापरून त्यातून मालाची यादी निघते. ती पहिल्यांदा निघाली तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्या दादांनी ती हातातल्या यादीशी ओळ न ओळ ताडून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागायला आले.

कॉइलखाली संपर्कांचे पत्ते मात्र मी अजून हातानं लिहिते. शीटच्या वरच्या कडेला कॉलमचे आकडे असतात. के २ या कॉन्टॅक्टरच्या कॉइलखाली ‘२१-२२ : ४.६’ असं लिहिलं म्हणजे तिचा तो संपर्क चौथ्या शीटवर सहाव्या कॉलममध्ये आहे. नावांबद्दल अण्णांचा आणि माझा वाद झाला. नव्या आयईसी पद्धतीत पॉवर कॉन्टॅक्टरला क्यू हे अक्षर देतात. इथल्या सगळ्यांना सवय आहे के ची. मी क्यू घालून पाहिलं. अण्णा म्हणाले, ‘ताई, रात्री दोन वाजता पंपहाऊसवरचा माणूस पुस्तक उघडून बघणार हाय व्हय?’ मी के ठेवलं. बाहेरच्या मोठ्या कंपनीची ऑर्डर असेल आणि त्यांनी क्यू मागितलं तर क्यू देते. एका पॅनेलमध्ये दोन पद्धती नकोत, एवढंच मी पाळते.

अण्णा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण माझं प्रत्येक शीट आधी त्यांच्या हातात जातं. ते हिरवी पेन्सिल घेतात आणि ज्या वायरीवर बोट फिरवून झालं ती हिरवी करत जातात. जी पांढरी राहील ती एक तर जास्तीची किंवा कुठंतरी तुटलेली. कारखान्यातल्या त्यांच्या तरुणपणी ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचे, आणि त्याच्या अमोनिया प्रिंट निघायच्या. चुकलं तर ब्लेडनं शाई खरवडायची. ‘कागद पातळ झाला की समजायचं हितं कायतरी बदललंय,’ असं ते सांगतात. आता बदल कुठं झाला ते कागदाच्या जाडीवरून कळत नाही, म्हणून बदलाची नोंद जास्त काळजीनं ठेवावी लागते. आर (रिव्हिजन) शून्य, आर एक, आर दोन, तारीख आणि काय बदललं ते.

ही नोंद हा माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. पॅनेल वर्कशॉपमधून ड्रॉइंगप्रमाणे निघतं. साइटवर गेल्यावर कुणी फ्लोट स्विच बदलतो, कुणी एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास करतो, कुणी मोकळ्या टर्मिनलवर यार्डातला दिवा जोडतो. खिशातला कागद तसाच राहतो, आणि त्या दिवसापासून तो खोटं सांगायला लागतो. ड्रॉइंग नसेल तर माणूस मीटर लावून शोधत तरी बसतो. खोट्या ड्रॉइंगवर विश्वास ठेवून तो जिवंत वायरीला हात घालू शकतो. म्हणून मी कमिशनिंगला (साइटवर पॅनेल चालू करून द्यायला) जाणाऱ्या पोरांबरोबर एक जादा प्रिंट आणि लाल पेन देते. जे बदललं ते लाल पेननं मारून आणा. सुरुवातीला प्रिंट कोरी परत यायची. हळूहळू लाल रेघा दिसायला लागल्या. आता तर एखादा पोरगा ‘ताई, आर दोन झालं का?’ असं स्वतःहून विचारतो, तेव्हा मला फार समाधान वाटतं.

एक फोन मात्र विसरणार नाही. आमच्याकडं शेतीच्या थ्री-फेज लाइटच्या पाळ्या असतात; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. येरळेकाठच्या एका गावातून रात्री उशिरा इलेक्ट्रिशियनचा फोन आला. पॅनेल आमचं होतं. पंप स्टारमध्ये सुरू होतो, वेग घेतो, पण डेल्टा लागत नाही आणि पंप थांबत जातो. मागं शेतकऱ्यांचे आवाज येत होते. पाळी संपायला फार वेळ नव्हता. मी विचारलं, ‘दारात ड्रॉइंग आहे का?’ म्हणाला, ‘हाय.’ मी घरचा लॅपटॉप उघडला. ‘शीट चार, कॉलम सहा. डेल्टाच्या कॉइलच्या वर स्टारचा एकवीस-बावीस दिसतोय?’ थोडा वेळ कागदाची खसखस ऐकू आली. ‘दिसला.’ त्याला म्हणाले, पंप चालू करा, स्टार सुटला की त्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज बघा, हात जपून. मग त्याचा आवाज आला, ‘ताई, एकवीसला लाइट हाय, बावीसला न्हाई.’ म्हणजे स्टार सुटत होता, पण त्याचा मिटायचा संपर्क मिटत नव्हता. सप्लाय बंद करून त्यानं बाजूच्या स्टँडबाय स्टार्टरचा ऑक्झिलरी ब्लॉक (जादा संपर्कांचा तुकडा) काढून इथं लावला. इंटरलॉक बायपास करायचा मोह अशा वेळी होतो, आणि तो किती धोक्याचा ते शीट समोर असल्यामुळं त्याला सांगावं लागलं नाही; त्यानंच म्हटलं, ‘ही वायर डायरेक्ट नको करायला, दोन्ही एकदम लागतील.’ तो माणूस मला कधी भेटलेला नव्हता. पण आम्ही दोघं एकाच कागदावर बोट ठेवून उभे होतो.

माझी शाळा रयत शिक्षण संस्थेची. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य रोज भिंतीवर बघत मोठी झाले. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काल्याला संस्था काढली, आणि पुढं मुलांनी राबून शिकावं ही रीत घालून दिली. लोक मला म्हणतात, तुम्ही स्वतःच शिकलात. खरं आहे, पण एकटीनं शिकले नाही. अण्णांची हिरवी पेन्सिल होती, स्टोअरच्या दादांची यादी होती, साइटवरून लाल रेघा घेऊन येणारी पोरं होती. मालकांनी रिकामा कॉम्प्युटर वापरू दिला. सॉफ्टवेअरमधल्या कमांड पडद्यावरून शिकता येतात. वायर कुठून कुठं जाते आणि का, हे मला माणसांनी शिकवलं.

यंदा आमच्याकडं आयटीआयची एक मुलगी अप्रेंटिस म्हणून आली आहे. तिला कमांड माझ्याहून भरभर येतात. फोनवर वाढलेली पिढी. मी तिला आल्या आल्या कॉम्प्युटरवर बसवलं नाही. आधी एक डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा, स्टार्टर वायर करायला लावला, मग तोच बझर लावून वहीवर उतरवायला सांगितला, आणि मगच पडदा. तिला आधी हे लांबचं वाटलं. काही आठवड्यांनी तिनं एका जुन्या शीटमधलं एक जास्तीचं टर्मिनल स्वतःहून दाखवलं आणि विचारलं, हे कुठं जातं? ते टर्मिनल स्पेअर होतं, तसं लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलंय.

सध्या मी व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, पॅनेलवर अडकले आहे. पाण्याच्या दाबाप्रमाणं पंपाचा वेग कमी-जास्त करायचा, त्यासाठी प्रेशर ट्रान्समीटरकडून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल येतो. त्याच्या केबलला शील्ड (बाहेरच्या विजेचा गोंधळ अडवणारं धातूचं आवरण) असतं, आणि मोटरच्या केबललाही. सिग्नलचं शील्ड आम्ही एकाच टोकाला, पॅनेलकडं, अर्थ करतो. मोटरच्या केबलचं दोन्ही टोकांना. स्टार-डेल्टाच्या शीटवर याची गरजच पडली नव्हती, त्यामुळं माझ्या साठ्यात शील्डचं चिन्हच नाही. काल ते केलं. वायरींभोवती तुटक रेघेचा लांबट गोल, खाली अर्थकडं जाणारी रेघ. अण्णांनी शीट बघितलं, हिरवी पेन्सिल बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘चिन्ह बरोबर हाय. पण कुठल्या टोकाला जोडायचं ते अक्षरांत लिही, मराठीत. न्हाईतर पोरं दोन्हीकडं जोडत्यात.’ आज सकाळी ती ओळ शीटवर घातली. मोटरच्या केबलच्या शीटवरही घालायची आहे, आणि मग दोन्हीवर आर एक मारून प्रिंट शॉपफ्लोअरला द्यायची.